तांबे होते, शेत नव्हते

१८४७-४८चा हिवाळा. सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, मिशिगन राज्यातल्या ऑन्टोनागॉन नदीच्या रानात सॅम्युअल नॅप तांब्याचा माग काढत हिंडत होता. नॅप मिनेसोटा मायनिंग कंपनीचा माणूस. नाव मिनेसोटाचे असले तरी कंपनीचे काम याच मिशिगनच्या भूमीवर चालू होते. बर्फ पडला की जमिनीचे चढउतार एरवीपेक्षा स्पष्ट दिसतात. नॅपला एका ओळीत गेलेले खळगे दिसले. त्यांतल्या एका ठिकाणी कपारीत साळिंदरांनी हिवाळ्यापुरता मुक्काम ठोकला होता. ती कपार उकरायला लागल्यावर आतून दगडी हातोडे निघू लागले, आणि खडकात तांब्याची शीर दिसली.

पुढच्या वसंतात मोठा खड्डा सापडला. तो तळापर्यंत २६ फूट खोल होता आणि मातीने व पालापाचोळ्याने भरून गेलेला होता. १८ फूट खाली गेल्यावर मजुरांच्या पहारी धातूवर आदळल्या. तिथे शुद्ध तांब्याचा दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि सहा टनांहून जड असा एकसंध खडक होता. तो नुसता पडलेला नव्हता. त्याच्याखाली लाकडाचे ओंडके आडवे-उभे रचलेले होते आणि कोणीतरी पाचरी मारून, ओंडके सरकवून तो मूळ जागेपासून सुमारे पाच फूट वर उचलला होता. त्याचे सगळे कोपरे आणि उंचवटे ठोकून, तोडून नेलेले होते. मधला गाभा मात्र हलवणे जमले नसावे. ओंडके पाण्यात राहून इतके कुजले होते की बोट लावले तरी खचत, तरीही त्यांवर हत्याराचे घाव ओळखू येत होते. आसपास निघालेल्या दगडी हातोड्यांनी दहा गाड्या भरल्या. त्यांतला सर्वांत मोठा ३६ पौंडांचा होता आणि त्याला दोन खाचा कोरलेल्या होत्या. तेवढे वजन एकट्या माणसाने उचलून मारायचे नव्हे.

खड्ड्यातून उपसलेल्या मातीच्या ढिगावर एक हेमलॉक वृक्ष वाढला होता. तो तोडून त्याची वर्तुळे मोजली तर ३९५ भरली. झाडाचे बी पडले तेव्हा कोलंबस अमेरिकेला पोहोचायला अजून ४० वर्षे अवकाश होता, आणि माती तर त्याच्याही आधीची. किती आधीची, हे सांगायला त्या काळी कुणाकडे साधन नव्हते.

हे सगळे चालले होते त्याच्या पाचच वर्षे आधी, १८४२मध्ये, ला पॉइंटच्या तहाने ओजिब्वे लोकांकडून हा सारा ताम्रप्रदेश अमेरिकेच्या सरकारने आपल्याकडे घेतला होता. १८४१मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस हॉटन यांचा अहवाल आला, पाठोपाठ तह झाला, पाठोपाठ खाणवाल्यांची झुंबड उडाली. हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे कळते. कारण जुने खड्डे आणि हातोडे पाहून खाणवाल्यांनी व अनेक विद्वानांनीही जो निष्कर्ष काढला तो असा, की हे काम इथल्या ‘इंडियन’ लोकांच्या पूर्वजांचे असणे शक्य नाही. कुणी कधीकाळी नाहीशी झालेली एक प्रगत जमात कल्पिली. पुढच्या काळात कुणी फिनिशियन आणले, कुणी क्रीट बेटावरचे मिनोअन आणले. लाखो टन तांबे इथून उपसले गेले, मग ते गेले कुठे, असा प्रश्न विचारून उत्तर युरोपच्या कांस्ययुगात शोधणारी पुस्तके विसाव्या शतकातही निघत राहिली. त्या टनांचा हिशेब अंदाजावर रचलेला आहे हे मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या सुसान मार्टिन यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात नीट उलगडून दाखवले. ज्यांची जमीन घेतली त्यांचे कसबही त्यांचे नाही असे म्हणणे किती सोयीचे होते, हे या सगळ्या वादात मला सर्वांत बोचते. ओहायोतले मातीचे प्रचंड उंचवटे बांधणारे लोकही असेच ‘अज्ञात वंशा’चे ठरवले गेले होते, सायरस थॉमस यांच्या १८९४च्या सरकारी अहवालाने ते कोडे सोडवले आणि श्रेय इथल्याच लोकांकडे परत गेले. तांब्याच्या बाबतीत मात्र दंतकथा जास्त चिवट निघाली.

आता हे तांबे होते कसे, ते पाहू. जगात बहुतेक ठिकाणी तांबे खनिजाच्या रूपात असते. हिरवा-निळा दगड फोडायचा, कोळशाच्या भट्टीत वितळवायचा, मग धातू हाती येतो. सुपीरियरच्या काठी निसर्गाने ही सारी खटपट वाचवली आहे. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी इथे भूकवच फाटून लाव्हाचे थरावर थर साचले आणि पुढे त्यांच्या भेगांत व पोकळ्यांत जवळजवळ शुद्ध धातुरूप तांबे साठले. किविनॉ हे सरोवरात घुसलेले द्वीपकल्प आणि समोरचे आइल रॉयल बेट ही त्याची मुख्य ठिकाणे. पुढे हिमयुगातल्या हिमनद्यांनी हे खडक खरवडले आणि तांब्याचे गोटे दक्षिणेला विस्कॉन्सिनपर्यंत नेऊन टाकले. नदीच्या पात्रात किंवा माळावर हिरवट चढलेला एखादा जड गोटा सापडावा आणि तो दगडाने ठोकला तर फुटण्याऐवजी चेपावा, एवढ्यावरून सुरुवात झाली असणार.

ठोकण्यात मात्र एक गोम आहे, आणि ती समजायला पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. तिथले कारागीर पत्रा ठोकतात, ठोकता ठोकता तो कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून मधेच तो लाल होईपर्यंत तापवून नरम करून घेतात आणि पुन्हा मठारायला बसतात. सुपीरियरच्या काठचे लोक हेच करत होते. त्यांच्या हत्यारांचे तुकडे घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तापवल्यावर धातूच्या कणांची जी नवी रचना होते ती स्पष्ट दिसते. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, पण नरम व्हायला लाकडाची साधी शेकोटी पुरते. भट्टी नाही, मूस नाही, साचा नाही. एवढ्या साधनांवर त्यांनी भाल्यांची पाती घडवली, चंद्रकोरीच्या आकाराच्या सुऱ्या, वाकस, छिन्न्या, मासे धरायचे गळ, टोकदार आऱ्या घडवल्या. भाल्याच्या पात्याचे बूड पातळ ठोकून दोन्ही कडा आत वळवायच्या, म्हणजे लाकडी दांडा बसवायला खोबण तयार. ती घडण पाहिली की हात किती सरावलेले होते ते कळते. वितळवणे आले तरच खरी धातुविद्या, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. कोणत्या घडीला ठोकणे थांबवायचे आणि कितपत तापवायचे हे ज्याला कळते त्याला धातू कळलेला असतो.

खाणी कशा चालत तेही खड्ड्यांनीच सांगितले आहे. खडकाच्या शिरेवर आग पेटवायची, तापून खडक तडकला की सरोवराच्या काठचे गुळगुळीत गोटे घेऊन तो फोडायचा, आत गुंतलेले तांबे मोकळे करायचे. खड्ड्यांच्या तळाशी कोळसा सापडतो तो या आगींचा. किविनॉवरच्या हातोड्यांना पुष्कळदा मधोमध खाच असते, म्हणजे त्यांना दांडा किंवा दोर बांधत. आइल रॉयलवरचे बहुतेक हातोडे बिनखाचेचे, सरळ हातात धरून मारायचे. एकाच धंद्याच्या या दोन रीती सरोवराच्या दोन बाजूंना होत्या. आइल रॉयलच्या मॅककार्गो कोव्ह या खाडीजवळ असे खड्डे एकमेकांना खेटून शेकड्यांनी आहेत. तिथे जायचे तर सुपीरियरच्या थंड, लहरी पाण्यातून होडी हाकावी लागे. तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या गेले.

पण हे लोक कोण, केव्हाचे? एकोणिसाव्या शतकात विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांना नांगराच्या फाळाला तांब्याची हत्यारे हजारोंनी लागली आणि संग्राहकांच्या पेट्यांत गेली. ती कुठल्या थरातून आली, शेजारी काय होते, याची नोंद नाही. हत्यारे उदंड आणि ती वापरणारी माणसे बेपत्ता, अशी ही स्थिती. माणसे भेटली ती १९४५मध्ये मिसिसिपीच्या काठी ओसिओला इथे, नदीने काठ कापल्यावर उघड्या पडलेल्या दफनभूमीत, आणि त्यानंतर १९५२मध्ये ओकॉन्टो गावात.

ओकॉन्टो मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्यावर आहे. तिथल्या खडीच्या जुन्या खाणीत १३ वर्षांचा एक मुलगा उकरत होता, त्याला माणसाची हाडे लागली. त्याने ती गोष्ट मोठ्यांच्या कानावर घातली, म्हणून पुढचे सारे घडले. मिलवॉकीच्या संग्रहालयातले रॉबर्ट रिट्झेनथेलर आणि वॉरन विट्री यांनी उत्खनन केले. खडी काढणाऱ्यांनी बराच भाग आधीच नेला होता, तरी डझनावारी माणसे सापडली. कुणाला ताणून निजवलेले, कुणाच्या हाडांची गाठोडी करून पुरलेली, कुणाचे दहन केलेले. सोबत तांब्याच्या आऱ्या, चंद्रकोरी, पाती. हंसाच्या हाडाची एक शिट्टी. आणि एक समुद्री शंख. समुद्र तिथून शेकडो कोस दूर. म्हणजे तांबे बाहेर जात होते आणि शंख आत येत होता, हातोहाती. जे मिळाले नाही तेही तितकेच बोलके आहे. मडक्याची एक खापरी नाही, शेतीची खूण नाही. शिकार करायची, मासे धरायचे, फळे-कंद गोळा करायचे, ऋतूप्रमाणे मुक्काम हलवायचा, अशी ही माणसे होती.

नुकतीच कार्बन-१४ पद्धत हाती आली होती. शिकागोच्या विलर्ड लिबी यांनी ती बसवून अजून पाच वर्षेही झाली नव्हती. ओकॉन्टोचा कोळसा मोजला तर एक तारीख सुमारे ५६०० वर्षांपूर्वीची आली आणि दुसरी ७५०० वर्षांपूर्वीची. अनेकांचा विश्वासच बसेना. अमेरिकेत तांबे इतके जुने, तेही शिकाऱ्यांच्या हातात?

विश्वास न बसण्याचे मूळ युरोपात होते. कोपनहेगनच्या ख्रिश्चन थॉमसेन यांनी १८३६मध्ये छापलेल्या पुस्तिकेत दगड, कांसे, लोखंड अशी तीन युगांची उतरंड घालून दिली. पुढे पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी तिच्यात अर्थ भरला. आधी शेती, शेतीतून धान्याचा साठा, साठ्यावर पोट भरणारा कारागीर, आणि मग धातू. पश्चिम आशियात ही मांडणी बसते. आपल्याकडेही बरीचशी बसते. १९५०-५१मध्ये नगर जिल्ह्यातल्या जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या, नंतर नेवासे, चांडोली, दायमाबाद, आणि डेक्कन कॉलेजने १९६८पासून पुढे दीड दशक उकरलेले घोड नदीकाठचे इनामगाव. या साऱ्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत धान्य आहे, गुरे आहेत, चाकावरची रंगीत मडकी आहेत, आणि त्या संसारात तांबे आहे, तेही जपून वापरलेले. रोजची धार गारगोटीच्या पात्यांची. महाराष्ट्रात वाढलेल्या अभ्यासकाला म्हणून शेताशिवाय तांबे ही कल्पनाच अवघड जाते. सुपीरियरच्या काठी मात्र तेच घडले. तांबे आधी आले, मडके त्यानंतर हजारो वर्षांनी, आणि मका त्याहूनही उशिरा. अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी युरोपची युगे बाजूला ठेवून ‘आर्काइक’ असे आपले वेगळे नाव या काळाला दिले, ते बरे केले.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपासून तांब्याची मोठी हत्यारे कमी होत जातात. पाती, सुऱ्या मागे पडतात. मणी, बांगड्या, पत्रे येतात. पुन्हा दगडी पात्यांनी शिकार सुरू. उतरंड मानणाऱ्याला हे अधःपतन वाटणार. लुईस बिनफर्ड यांना १९६२मध्ये तसे वाटले नाही. ‘अमेरिकन अँटिक्विटी’तल्या त्यांच्या त्या वर्षीच्या लेखाने ‘नव्या पुरातत्त्वा’ची सुरुवात झाली असे मानतात, आणि त्या लेखातला मुख्य दाखला हाच, सुपीरियरच्या तांब्याचा. त्यांचा मुद्दा असा होता की तांबे इतके टिकाऊ आणि उपयोगी असेल तर झिजलेले हत्यार ठोकून नवे करायचे सोडून लोक ते मेलेल्याबरोबर का पुरतील? ज्या समाजात राजा नाही, सरदार नाही, तिथे उत्तम शिकाऱ्याचा मान त्याच्या भाल्याच्या लखलखीत पात्यावरून दिसत असावा, आणि तो मान ज्याचा त्याच्याबरोबर जात असावा. समाज बदलला तशा मान दाखवायच्या वस्तू बदलल्या.

हे पटण्यासारखे होते, पण तपासलेले नव्हते. तपासले ते जवळपास साठ वर्षांनी, ओहायोतल्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत मिशेल बेबर यांनी. त्यांनी जुन्या घडणीची तांब्याची पाती, सुऱ्या, आऱ्या स्वतः तयार केल्या, शेजारी दगडाच्या आणि हाडाच्या ठेवल्या आणि वापरून पाहिल्या. भाल्याचे तांब्याचे पाते दगडी पात्यापेक्षा सरस ठरले नाही. सुरीचेही तेच. तांब्याची आरी मात्र उत्तम चालली. आणि उत्खननातही हेच दिसते, की भाले-सुऱ्या मागे पडल्या तरी कातडे टोचायची आरी तांब्याचीच राहिली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. खाणीत राबणे, तापवणे, ठोकणे या कष्टांचा मोबदला कुठे मिळतो आणि कुठे नाही हे त्या लोकांनी अनुभवाने ठरवले होते, तेही आपल्या गरजेच्या मापाने.

काळाचा प्रश्न अलीकडे डेव्हिड पॉम्पियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच बाजूने धरला. खाणींजवळच्या तळ्यांच्या तळाशी गाळ वर्षानुवर्षे साचत असतो. खाणीत आग पेटवली, तांबे तापवले की शिशाचे सूक्ष्म कण धुराबरोबर उडून पाण्यात पडतात. त्यांनी गाळाच्या उभ्या कांड्या काढल्या आणि त्यांत शिसे कुठे वाढते ते मोजले. किविनॉजवळ ते सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या गाळात वाढलेले सापडले. तांब्याने आणखी एक उपकार केला आहे. त्याचे क्षार जिवाणूंना मारतात, म्हणून खोबणीत अडकलेले लाकूड आणि दोर कुजत नाहीत. आपल्याकडे नेवाशाला लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत दोरा टिकला तो यामुळेच. विस्कॉन्सिनच्या ईगल लेकमध्ये मिळालेल्या एका पात्याला दांड्याचे लाकूड आणि बांधणीचा दोर अजून चिकटलेला होता. ते सुमारे साडेआठ हजार वर्षांचे भरले. २०२१मध्ये सगळ्या तारखा नव्याने चाळून पॉम्पियानी यांनी या परंपरेची सुरुवात साडेनऊ हजार वर्षांपर्यंत मागे नेली. ओकॉन्टोची जी तारीख पूर्वी अशक्य वाटत होती ती आता मधल्या काळातली ठरते. जगात धातूला हात घालणाऱ्या सर्वांत जुन्या लोकांत सुपीरियरच्या शिकाऱ्यांची गणना होते. उतार का लागला, याचे एक उत्तर म्हणून हवामान कोरडे झाल्याचा पुरावाही त्यांनी पुढे ठेवला आहे.

तांबे पुढेही चालू राहिले. दोन हजार वर्षांपूर्वी ओहायोतल्या होपवेल लोकांनी त्याचे पत्रे ठोकून बहिरी ससाणे, कर्णभूषणे केली. मिसिसिपीकाठच्या कहोकियात, ३४ क्रमांकाच्या टेकाडाजवळ, आठशे वर्षांपूर्वीचा तांब्याचा कारखाना उत्खननात मिळाला आहे. तोवर मका आला होता, शहरे आली होती. पण तिथेही भट्टी नव्हती, कसब तेच होते, तापवायचे आणि ठोकायचे.

ओजिब्वे लोकांनी तांबे कधी क्षुल्लक मानले नाही. पाण्याखालच्या मिशिपेशू या बलवान वाघाचे ते धन. १६६०च्या दशकात आलेल्या क्लोद अलुए या जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवले आहे, की लोक तांब्याचे गोटे घरात देवासारखे जपतात, पिढी दर पिढी. ऑन्टोनागॉन नदीत असाच एक प्रचंड गोटा होता, ३७०८ पौंडांचा. १८४३मध्ये ज्युलियस एल्ड्रेड नावाच्या डेट्रॉइटच्या व्यापाऱ्याने तो जंगलातून रूळ टाकून बाहेर काढला आणि लोकांना पैसे घेऊन दाखवला; मग सरकारने तो आपला म्हणून वॉशिंग्टनला नेला. १९९१मध्ये किविनॉ बे इंडियन कम्युनिटीने आपली पवित्र वस्तू म्हणून तो परत मागितला. तो आजही स्मिथसोनियनकडेच आहे. आइल रॉयलबाबत थोडे वेगळे घडले. बेट १९४० पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि वर्षानुवर्षे त्याची ओळख रानटी, निर्मनुष्य भूमी म्हणून करून दिली जाई. ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे लोकांनी नेटाने पाठपुरावा केला आणि २०१९मध्ये सगळे बेट ‘मिनाँग’ या त्यांच्या जुन्या नावाने, त्यांच्या पारंपरिक सांस्कृतिक वारशाचे ठिकाण म्हणून राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाले. नोंद झाली त्यात खाणीचे खड्डे आहेत, मासेमारीच्या जागा आहेत आणि साखरेसाठी मेपलचा रस काढायची रानेही आहेत.